नोगाल गल्लीची धार

सांता ब्रिगिदात कोणाला शिव्या शिकायच्या असतील तर त्याने दोन दिवस माझ्या गाडीत बसावं. गाडी पाणीखात्याची, मी तिचा ड्रायव्हर, फिदेन्सियो. शेजारी बसते हेर्मिनिया शोलाल्पा, आमची हेफा, म्हणजे साहेबीण. तिच्या मांडीवर फोन असतो आणि सकाळपासून त्या फोनातून अख्खं गाव तिचा उद्धार करत असतं. पाणी आलं नाही म्हणून शिव्या. आलं पण लाल आलं म्हणून शिव्या. आलं, स्वच्छ आलं, पण बाई चर्चमध्ये मासला गेल्या होत्या तेव्हा आलं, म्हणूनही शिव्या. हेर्मिनिया सगळं ऐकून घेते, "बघते" म्हणते आणि फोन ठेवून स्वतःची शिवी हासडते. तिची माझ्या जास्त आवडीची आहे.

चावीवाले, पंपवाले, खड्डे खणणारे, टँकर अशी बाहेरची सगळी फौज तिच्या हाताखाली. ऑफिसात बसतात ते डायरेक्टर. निवडणूक झाली की ते बदलतात, आणि नवा आला की पहिल्याच बैठकीत तिला विचारतो, "सगळ्यांना रोज पाणी का देत नाही?" जणू काही उरलेलं ती घरी नेऊन पिते. तिचा डबा असतो राजमा भरलेल्या टॉर्टियांचा, फडक्यात गुंडाळलेला. तो गरम असताना तिने खाल्लेला मी कधी पाहिला नाही.

एक गोष्ट मात्र शत्रूही कबूल करतो. बाई वशिला चालू देत नाही. सगळ्या गावाला दिवसाआड पाणी, म्हणून सख्खी आई राहते त्या नोगाल गल्लीलाही दिवसाआड, आणि तेही करंगळीएवढी धार. आई, दोन्या क्रेसेन्सिया (मानाच्या बाईला आमच्याकडे दोन्या म्हणतात), हे ऐकेल त्याला सांगायची. "माझी मुलगी गावाला पाणी वाटते. मला सोडून." पाववाल्याला सांगायची, पाद्रीबाबांना सांगायची, एकदा तर मलाच सांगितलं, गाडीच्या खिडकीतून, हेर्मिनिया शेजारी बसलेली असताना.

मग डिसेंबरनंतर म्हातारी एकदम गप्प झाली. आम्हाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

उन्हाळा तापला आणि वरची वस्ती, ला कांतेरा, पेटून उठली. ही वस्ती जुन्या दगडखाणीच्या डोक्यावर. तिची लाइन नोगाल गल्लीच्या कोपऱ्यावरून वर चढते. एरवी थोडं का होईना, पाणी वर पोचायचं. हिवाळ्यापासून ते आटत आटत गेलं आणि एप्रिलमध्ये नळ ठणठणीत कोरडे. आम्ही पंप तपासला, पंप ठीक. लाइनभर कान लावून फिरलो, गळती नाही. हेर्मिनिया नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरायची आणि त्याच्याकडे असं बघायची की मला त्या नकाशाची दया यायची.

आमच्याकडे पाणी आलं नाही की लोक मोर्चाबिर्चा काढत बसत नाहीत. पाणीखात्याचा जो माणूस हाती लागेल त्याला बसवून ठेवतात. मारत नाहीत, खायला-प्यायला घालतात, फक्त सोडत नाहीत. त्या सोमवारी आमचा चावीवाला कास्तुलो वर गेला आणि परत आलाच नाही. हेर्मिनियाने फोन लावला.

"कास्तुलो, कुठे मेलायस?"

"वर, हेफा. धरलंय मला."

"कोणी?"

"सगळ्यांनी." त्याच्या तोंडात घास होता.

"काय खातोयस तू?"

"तमाले. हिरव्या मिरचीचे. माणसं वाईट नाहीत, हेफा."

"मग ये निघून!"

"कसा येऊ? बूट काढून घेतलेत. आणि उद्या पोसोले करणार म्हणतात."

हेर्मिनियाने कपाळावर हात मारला. "इथे माझ्या नाकी नऊ आलेत आणि हा तिकडे जावई होऊन बसलाय. काढ गाडी."

ला कांतेरात आमची वाट बघत अंगणात उभी होती दोन्या ओतिलिया. वस्तीची पुढारी तीच. दारात रिकामी पिंपं ओळीने मांडलेली, झाकणं बाजूला काढून ठेवलेली, म्हणजे आत काही नाही हे येणाऱ्याला लांबूनच दिसावं.

"या, इंजिनीअरबाई," ती म्हणाली. "हात हलवत आलात? मग बसा. तुमचीही सोय करतो. खाट एक आहे, पण कास्तुलो घोरतो."

"मला बसवून ठेवलंत तर पाणी कोण आणणार? तुमचे काका?"

"काका गेले, बाई. शेवटपर्यंत तुमच्या नावाने बोटं मोडत होते."

मागे एक सून तान्ह्या पोराला तांब्याभर पाण्यात आंघोळ घालत होती. तेच पाणी तिने जपून बादलीत ओतलं, फरशीसाठी. हेर्मिनिया तिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रविवारच्या आत नळाला पाणी येईल. नाही आलं तर कास्तुलोला सोडा, मी येऊन बसते."

"शब्द पिता येत नाही, बाई," ओतिलिया म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

उतारावरून खाली येताना हेर्मिनियाने नकाशा पुन्हा मांडीवर उघडला. मग म्हणाली, "फिदेन्सियो, मला लाज वाटते. पाणी टाकीतून निघतं हे मला माहीत आहे. वर पोचत नाही हेही माहीत आहे. मधे कोण पितं तेवढं कळत नाही, आणि मी म्हणे मुख्य."

तिच्या हिशेबाने नोगालच्या कोपऱ्यावर कुठेतरी एक व्हॉल्व्ह असायला हवा होता, गल्लीची वाट अडवून पाणी वर ढकलणारा. जुन्या लोकांनी तो अर्धा बंद करून ठेवला असणार, आणि मग ते लोक मेले. नकाशावर त्याची खूण होती आणि तिच्याशेजारी कोणा महाभागाने लिहून ठेवलं होतं: नावा कुटुंबाच्या बेकरीसमोर. मोजमाप नाही, अंतर नाही. आमचं गाव असंच चालतं. पत्ता विचारा, तर पडून गेलेल्या झाडावरून सांगतात.

मंगळवारी आम्ही नावांच्या बेकरीसमोर खणलं. काही नाही. बुधवारी डावीकडे खणलं, मग उजवीकडे. बेकरीत जायला फळी टाकावी लागली. एका गिऱ्हाइकाचा पाय घसरला आणि पावांची पिशवी खड्ड्यात गेली, तेव्हा मालक एलिहियो नावा पिठाच्या हातांनीच बाहेर आला.

"काय शोधताय काय तुम्ही? खजिना?"

"व्हॉल्व्ह. इथेच लिहिलाय. बेकरीसमोर."

"कधीचा कागद आहे हा?" त्याने बोटाने नकाशावर पीठ सांडलं. "अहो, हा माझ्या आजोबांच्या वेळचा! तेव्हा बेकरी इथे होती का? तेव्हा आम्ही पलीकडे होतो, इथे होता गाढवांचा गोठा! आजोबांच्या दारासमोर म्हणजे तो कोपरा. तो! जिथे आता माता बसलीय!"

आम्ही वळून पाहिलं. कोपऱ्यावर कोनाडा होता, निळा रंगवलेला, आत काचेमागे ग्वादालुपेची माता मेरी, पुढे ताजी फुलं, भोवती दिव्यांची माळ. हेर्मिनियाचा चेहरा हळूहळू बदलला.

"लादी माझी आहे," ती म्हणाली.

ते असं. त्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं कचरा पडायचा. दंडाची पाटी लावली, तर लोकांनी पाटीच्या टोकावर पिशव्या अडकवल्या. शेवटी डिसेंबरात गल्लीने ठरवलं, माता बसवायची. तिच्या पायाशी कोण कचरा टाकणार? आमच्याकडे असलं काही बांधायचं तर प्रत्येक गोष्टीला धर्ममाता नाहीतर धर्मपिता गाठतात. फुलांची वेगळी, फटाक्यांचा वेगळा, मोलेतल्या कोंबड्यांचा वेगळा. दोन्या क्रेसेन्सियाने लेकीला लादीची धर्ममाता केलं. हेर्मिनियाने सिमेंटच्या गोण्यांचे पैसे मोजले, लादी ओतली त्या दिवशी ती बाजारपेठेतल्या फुटलेल्या लाइनवर चिखलात उभी होती, आणि संध्याकाळी फक्त मोले खायला पोचली. तोवर सगळीकडे फुलंच फुलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आम्ही साग्रसंगीत घालून आलो होतो, आणि वर बेकरीसमोर तीन खड्डे.

पहार बघून गल्ली गोळा झाली. सगळ्यांत पुढे न्हावी सिल्वेरियो, हातात वस्तरा तसाच, आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याच्या मागे.

"मातेला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "ती बसली त्या दिवसापासून नळाला धार आहे. मनगटाएवढी! टाक्या वाहतात आमच्या."

"अहो, धार आहे कारण तिच्याखालचा व्हॉल्व्ह सताड उघडा आहे! वरच्यांचं सगळं पाणी तुम्ही पिताय!"

"बरं. मग तो उघडला कोणी? तुम्ही?"

"मला तर तो सापडत नव्हता!"

"तुम्ही नाही उघडला. आम्हाला तर ठाऊकच नाही. मग कोणी उघडला?" आणि सिल्वेरियोने वस्तऱ्यानेच काचेकडे बोट दाखवलं.

लोकांनी छातीवर क्रूस केला. हेर्मिनियाने पहार जमिनीला टेकवली. व्हॉल्व्ह आपोआप उघडत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

गर्दीतून दोन्या क्रेसेन्सिया पुढे आली. मातेची किल्ली तिच्याकडे, फुलं तीच बदलते. आता लेकीच्या समोर उभी राहिली. "हिला हलवलंस तर माझ्या घरात पाऊल टाकू नकोस."

"आई, वर लोकांना प्यायला पाणी नाही."

"मलाही नव्हतं. तेव्हा कोणी काही फोडलं नाही."

हेर्मिनिया चिडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. "ठीक आहे. नाही फोडत. पण मग तू चल वर, आणि तूच सांग त्यांना."

"येते की. मी काय घाबरते कोणाला?"

म्हातारी शाल सावरून माझ्या गाडीत चढली. चढ संपेपर्यंत मायलेकी दोघी समोर बघत होत्या आणि स्टिअरिंगवर मी, दोन विस्तवांमधल्या वांग्यासारखा.

ओतिलियाला सांगितलं, ही हेर्मिनियाची आई. मला वाटलं आता भांडण पेटणार. पण ओतिलिया जुन्या वळणाची बाई, म्हातारं माणूस दारात आलं की आधी खुर्ची. तिने सावलीत खुर्ची मांडली, दालचिनी घातलेली कॉफी आणली. कप तिने एप्रनच्या आतल्या बाजूने पुसला, उलटा करून पुन्हा पुसला, तरी कडेला आधीच्या कोणाच्या ओठांचा डाग राहिलाच.

"माफ करा, दोन्या," ती म्हणाली. "धुवायला पाणी नाही." आणि तिची मान खाली गेली. आमच्यावर इतके दिवस डोळे वटारणारी ती बाई, त्या एका कपापायी लाजली.

दोन्या क्रेसेन्सियाने कप हातात धरला. डागाच्या बाजूनेच तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यायली. "छान झालीय," म्हणाली. "पाणी कुठून आणता?"

"खालच्या कारंज्यावरून. आम्ही आणतो, सुना आणतात."

"मधे थांबायला तो दगड आहे का अजून? सपाट?"

"आहे. तुम्हाला कसा ठाऊक?"

म्हातारीने रिकामा कप तिच्या हातात दिला. आल्या कामाचा, म्हणजे नकार द्यायचा, शब्दही तिने काढला नाही. अंगणाच्या टोकाला कास्तुलो अनवाणी बसून आम्हाला हात हलवत होता. हेर्मिनियाने त्याच्याकडे बघितलं नाही.

खाली गल्लीत गाडी थांबली तेव्हा म्हातारी उतरता उतरता म्हणाली, "माता पाहुणी जाते कधी कधी. घरोघर नेतात की तिला. जाईल चार दिवस वर."

"गल्ली ऐकेल?" हेर्मिनियाने विचारलं.

"किल्ली माझ्याकडे आहे."

शनिवारी नोगाल गल्ली मातेला घेऊन निघाली. पुढे बँड, बेसूर पण दणदणीत, मागे फटाके, मधे दोन्या क्रेसेन्सिया मूर्ती छातीशी धरून. जाता जाता सिल्वेरियो आमच्या पहारींकडे बघून म्हणाला, "आम्ही येईपर्यंत कोपरा होता तसा पाहिजे." हेर्मिनिया म्हणाली, "होय." काही खोटं बोलण्याला इलाज नसतो.

वरात वळणाआड गेली आणि आम्ही भिडलो. कोनाडा बाजूला उतरवला, लादी फोडली. सिमेंट उत्तम निघालं. धर्ममातेने चांगल्यातलं घेतलं होतं, त्याबद्दल ती स्वतःलाच शिव्या देत होती. खाली लोखंडी झाकण, झाकणाखाली व्हॉल्व्ह, पूर्ण उघडा. हेर्मिनिया गुडघ्यांवर बसून आत वाकली आणि तशीच थांबली.

"फिदेन्सियो, इकडे बघ."

सगळा व्हॉल्व्ह गंजलेला होता, पण वरच्या चौकोनी डोक्याचे कोपरे घासून चकाकत होते. जुन्या लोकांच्या वेळचे ओरखडे इतके चकाकत नाहीत.

"हा कोणीतरी फिरवलाय," मी म्हणालो. "एवढ्यात."

"मातेने," ती कडवटपणे म्हणाली आणि लांब चावी मागितली.

आम्ही सगळे त्या चावीला लटकलो तेव्हा तो हलला. अर्ध्यावर आणून थांबलो. मग वाट बघत बसलो. हेर्मिनिया ढिगाऱ्यावर बसून डबा काढत होती आणि परत ठेवत होती. शेवटी फोन वाजला.

"हेफा," कास्तुलो कुजबुजला, "नळ खोकतोय."

"खोकू दे. बंद करू नका."

"फुसफुसतोय... लाल आलं... हेफा! हेफा!" पुढचं काही कळलं नाही. फोनातून बँड, फटाके, बायकांचं रडणं आणि पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज एकदमच आला. हेर्मिनियाने फोन कानापासून लांब धरला, माझ्याकडे केला आणि डोळे पुसले. तिला खरंच फार आनंद झाला होता.

"माता अंगणात ठेवली आणि तेवढ्यात आलं बघा," कास्तुलो ओरडत होता. "सगळे तिच्या पाया पडतायत. मला बूट दिले. पण हेफा, एक भानगड झालीय. मला सोडतात, पण तिला सोडत नाहीत."

"कोणाला?"

"मातेला. धरलंय तिला."

ढिगाऱ्यावर बसूनच हेर्मिनियाने ओतिलियाला फोनवर मागितलं आणि सगळा राग बाहेर काढला. पाणी मी सोडलं, शब्द मी पाळला, आता गल्ली मला सोलून काढेल, आणि तुम्ही मातेला ओलीस ठेवता? ओतिलियाने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमचा माणूस आम्ही आठवडाभर धरला. कोणी विचारायला आलं? तुम्ही आलात तेवढ्या. डायरेक्टर आले नाहीत, गल्लीतलं कोणी आलं नाही. हिला धरलं की नोगाल गल्ली रोज चढून वर येईल. येताना बघेल आम्हाला पाणी आहे की नाही." ती थांबली. "रागावू नका. जेवायला तिला काही कमी करणार नाही."

गल्लीने अर्थातच हेर्मिनियाला सोलून काढलं. धार पुन्हा करंगळीएवढी झाली, माता गेली, आणि दोन्हीचा दोष एकाच बाईवर. सिल्वेरियो आता मला दाढीलाही घेत नाही. पण रविवारी सगळे फुलं घेऊन वर जातात, हे खरं. त्या चढाने त्यांचा श्वास फुलतो आणि ओतिलिया त्यांना पाणी देते, धुतलेल्या पेल्यातून.

दोन्या क्रेसेन्सिया मूर्तीशिवाय खाली आली होती आणि त्यानंतर लेकीशी बोलली नव्हती. पुढच्या गुरुवारी, गल्लीचा कोरडा दिवस होता, तिचा निरोप आला: जेवायला या, ड्रायव्हरलाही आणा. हेर्मिनिया दाराशी घुटमळली.

"पाऊल टाकू ना?"

"टाक. सूप गार होतंय."

स्वयंपाकघरात आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादल्या होत्या, वर स्वच्छ फडकी बांधलेली. म्हातारीने आम्हाला वाढलं आणि स्वतः बसलीच नाही, आमच्याकडे पाठ करून चुलीशी उभी राहिली.

"ते झाकण मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "डिसेंबरात. कचरा उपसला तेव्हा. गवंड्याला कालवायला पाणी हवं होतं, नळाला थेंब नव्हता. तो म्हणाला, हे फिरवून बघू का? त्याच्या अंगात जोर नव्हता. मग आम्ही दोघांनी पाना लावून फिरवलं."

हेर्मिनियाने चमचा खाली ठेवला. "तू?"

"सगळं पाणी एकदम आलं. मी अंगणात नुसती उभी राहिले, भिजत. तू पोटात होतीस तेव्हापासून त्या कारंज्यावरून पाणी वाहिलंय मी. त्या सपाट दगडावर टेकत टेकत. लेक पाण्याची मोठी साहेब झाली, तरी लोक मला विचारायचे, दोन्या, तुमच्याकडेही दिवसाआडच?"

"आणि वर मलाच सिमेंटचे पैसे द्यायला लावलेस." हेर्मिनियाचा आवाज फाटला होता, रागाने की कशाने ते मला कळलं नाही. "मला सांगायचं तरी होतंस, आई. सगळा उन्हाळा मी वेड्यासारखी शोधत होते. सांगितलं का नाहीस?"

म्हातारी वळली. तिने लेकीच्या वाडग्यात आणखी एक पळी सूप घातलं.

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

टेबलावर तिचा फोन वाजत होता. तिने तो उलटा करून ठेवला आणि गरम सूप प्यायला घेतलं.